अस्वलाच्या शिकारीचं बिल

न्यू जर्सीत काळं अस्वल मारण्याचा परवाना दोन डॉलरला मिळतो. शिकारीचा मूळ वार्षिक परवाना आधी काढावा लागतो, तो खर्च वेगळा. पण खास अस्वलासाठी म्हणून जो कागद घ्यायचा, त्याचे दोन डॉलर. तिथल्या एडिसनमध्ये तेवढ्यात एक वडापावही येईल न येईल. या राज्यात मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात घर घेतलेल्यांना कचऱ्याचा डबा रात्री बाहेर ठेवायचा नाही, पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे वेळेवर उतरवून ठेवायचे, असे धडे पहिल्याच वर्षी मिळतात. अस्वल तिथे काही दुर्मीळ नाही.

आता मेन राज्यातल्या किंवा कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एखाद्या आउटफिटरचं दरपत्रक पाहा. आउटफिटर म्हणजे शिकारीची सगळी व्यवस्था लावून देणारा व्यावसायिक. त्याच जातीच्या अस्वलासाठी तो पाच-सहा दिवसांचे साधारण अडीच ते चार हजार अमेरिकन डॉलर मागतो. व्हँकुव्हर बेटावर किंवा अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर आकडा सहा हजारांच्या आसपास सुरू होतो आणि दहा हजारांच्याही वर जातो. प्राणी तोच, रायफल तीच, गोळीही तीच. मग मधले हजारो डॉलर कशाचे?

अस्वलाचे नक्कीच नव्हेत. अमेरिकन काळ्या अस्वलांची संख्या उत्तर अमेरिकेत सहा ते नऊ लाखांच्या दरम्यान मानली जाते. जगातल्या बाकी सगळ्या जातींची अस्वलं एकत्र केली तरी या एका जातीच्या मागेच राहतील. पण हे जनावर आहे लाजरं आणि जंगलाच्या पोटात राहणारं. नाक इतकं तिखट की माणसाचा वास माणूस दिसण्याआधी त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. शहरातून आठ दिवसांची रजा काढून आलेला शिकारी मेनच्या सूचिपर्णी रानात एकटा हिंडला, तर बहुतेक वेळा त्याला डास आणि अस्वलाची विष्ठा याखेरीज काही दिसत नाही. आउटफिटर विकतो ती भेट. त्यातही भेटीची खात्री नाही, फक्त शक्यता.

सरकारचा वाटा आधी पाहू, कारण तो छापील असतो. अलास्कात दुसऱ्या राज्यातून आलेल्या अमेरिकन नागरिकाला शिकार परवान्याचे १६० डॉलर आणि काळ्या अस्वलाच्या टॅगचे ४५० डॉलर पडतात. टॅग म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची क्रमांकाची कडी. शिकारी परदेशी नागरिक असेल तर हेच आकडे ६३० आणि ६०० होतात. फरक इथेच थांबत नाही. अमेरिकन माणूस अलास्कात काळ्या अस्वलामागे गाईडशिवाय जाऊ शकतो; तपकिरी अस्वलासाठी मात्र त्यालाही गाईड किंवा जवळचा स्थानिक नातलग बरोबर लागतो. परदेशी नागरिकाला कुठल्याही मोठ्या जनावरासाठी परवानाधारक गाईड सक्तीचा आहे. म्हणजे सिएटलमध्ये दहा वर्षं नोकरी करणारा, पण भारतीय पासपोर्ट बाळगणारा पुणेकर अलास्कात अस्वलाच्या मागे निघाला, तर त्याचा खर्च सुरू होण्याआधीच दुप्पट झालेला असतो.

कॅनडातही साधारण हीच तऱ्हा. ब्रिटिश कोलंबियात बाहेरदेशीच्या शिकाऱ्याला मोठ्या जनावरासाठी गाईड घ्यावाच लागतो. तिथे प्रत्येक गाईड-आउटफिटरचा इलाखा आखून दिलेला असतो, त्या इलाख्यात परदेशी गिऱ्हाईक नेण्याचा हक्क त्याचा एकट्याचा, आणि असे हक्क लाखो डॉलरला विकले जातात. ज्याने कर्ज काढून इलाखा घेतला, त्याच्या कर्जाचा हप्ता गिऱ्हाइकाच्या बिलात कुठेतरी असतोच.

बंदुकीचा कायदाही ध्यानात ठेवायला हवा. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत एरवी बंदूक बाळगता येत नाही. कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना हा त्याला मोजक्या अपवादांपैकी एक. त्यामुळे जन्मात ससाही न मारलेले कित्येक परदेशी तरुण नेमबाजीच्या हौसेपायी शिकार परवाना काढून ठेवतात. कॅनडात स्वतःची रायफल न्यायची तर सीमेवर घोषणापत्र भरून २५ कॅनेडियन डॉलर मोजायचे; ते साठ दिवस चालतं. हे सगळे आकडे किरकोळ. खरा पैसा जातो तो माणसाकडे.

हा माणूस, म्हणजे गाईड, अमेरिकेत जुन्या मानाचा आहे. मेन राज्याने गाईडांची सरकारी नोंदणी १८९७ मध्येच सुरू केली आणि नोंदवहीतलं पहिलं नाव एका बाईचं होतं: कॉर्नेलिया क्रॉस्बी. मासेमारीच्या जगात ती 'फ्लाय रॉड' क्रॉस्बी म्हणून ओळखली जाई आणि वर्तमानपत्रांत लिहून तिने न्यूयॉर्क-बोस्टनची गिऱ्हाइकं मेनच्या रानाकडे वळवली. तिथे आजही गाईड व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते. होकायंत्र आणि नकाशा तर येतोच. शिवाय तोंडी परीक्षेत 'तुझं गिऱ्हाईक संध्याकाळपासून बेपत्ता आहे, आता काय करशील?' असा प्रसंग पुढे टाकला जातो. लेखी उत्तर पाठ करून इथे निभावत नाही.

काळ्या अस्वलाची जगातली सगळ्यांत गाजलेली शिकारही गाईडच्याच जिवावर झाली, आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइकाने तिच्यात गोळी झाडलीच नाही. नोव्हेंबर १९०२. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्याच्या गव्हर्नरांच्या निमंत्रणावरून ऑनवर्ड नावाच्या खेड्याजवळ शिकारीला गेले होते. गाईड होता होल्ट कॉलियर. गुलामगिरीत जन्मलेला, यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला हा कृष्णवर्णीय शिकारी. हजारो अस्वलं त्याच्या नावावर सांगितली जात. कॉलियरने अध्यक्षांना एका ठिकाणी बसवलं आणि आपण अस्वल इथूनच हाकत आणू असं सांगितलं. कुत्र्यांनी तासन्‌तास पाठलाग केला. अस्वल सांगितल्या जागी आलं, तेव्हा साहेब जेवायला मुक्कामावर गेलेले!

दमलेलं अस्वल पाणथळीत कुत्र्यांवर उलटलं आणि त्याने एक कुत्रा मारला. अध्यक्षांसाठी राखलेलं सावज; त्याला गोळी घालता येईना. कॉलियरने बंदुकीचा दस्ता त्याच्या डोक्यात हाणला, दोर टाकून त्याला झाडाला बांधलं आणि निरोप धाडला. रूझवेल्ट आले, बांधलेलं जनावर पाहिलं आणि त्यांनी गोळी घालायला नकार दिला. जखमी अस्वलाला मग सुऱ्याने संपवण्यात आलं. हा भाग बालवाडीतल्या गोष्टीत कुणी सांगत नाही. क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये आलं, ब्रुकलिनच्या मॉरिस मिचटम यांनी दुकानात 'टेडीज बेअर' नावाचं कापडी अस्वल मांडलं, आणि पुढे जगभरच्या पोरांच्या उशाशी जे खेळणं आलं ते असं. कॉलियरच्या मेहनतीचा विसर मात्र लोकांना बरीच वर्षं पडला होता.

गाईडचं काम काय, हे त्या दिवसाइतकं स्वच्छ क्वचितच दिसलं असेल. घोडा दाबायचा सोडून सगळं.

आज मेनमध्ये आणि कॅनडाच्या बऱ्याच भागात पाठलागाऐवजी आमिष चालतं. एक ठिय्या कसा लागतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. रानवाटेपासून आत झाडीत दोनशे लिटरचं लोखंडी पिंप झाडाला साखळीने जखडलेलं असतं, नाहीतर अस्वल ते गडगडत घेऊन जाईल. पिंपाला पंजा आत जाईल एवढं भोक. आत शिळे डोनट, पाव, केकचे तुकडे, पॉपकॉर्न, ओट, काकवी. त्यावर हॉटेलांतून आणलेलं तळणीचं वापरलेलं तेल ओततात. ते केवळ चवीसाठी नाही. अस्वल त्या तेलात पाय माखून घेतं आणि रानात जाईल तिकडे वासाची वाट उमटवत जातं. त्या वासावर दुसरं अस्वल येतं. जाहिरातीचा खर्च अस्वलाच्याच अंगावर. मेनमध्ये प्रत्येक ठिय्यावर तो लावणाऱ्याच्या नावपत्त्याची पट्टी असावी लागते आणि जमीनमालकाची परवानगी लागते. उत्तर मेनचं बरंचसं रान लाकूड कंपन्यांच्या मालकीचं, तेव्हा ही परवानगी पुष्कळदा विकत घ्यावी लागते.

मोसम उघडतो ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी. आमिष ठेवायला त्याआधी ३० दिवसांपासून मुभा असते. म्हणजे गिऱ्हाईक विमानात बसायच्या महिनाभर आधीपासून गाईड आणि त्याचे मदतनीस बादल्या वाहत असतात. ठिय्ये एकदोन नव्हेत. मोठ्या आउटफिटरचे पाऊणशे-शंभरही असू शकतात. दिवसाआड फेरी, गाडीचं पेट्रोल, डोनटची ट्रकभर खरेदी, झाडांवर कॅमेरे, वर काळ्या माश्या आणि डास. शिकाऱ्याचा वाटा त्या मानाने बैठा. दुपारी मचाणावर चढायचं, पंधरा-वीस मीटरवरच्या पिंपाकडे बघत अंधार पडेस्तोवर हलायचं नाही, खोकायचं नाही. पिंपाचा इथे आणखी एक उपयोग होतो. उभ्या पिंपाची उंची साधारण नव्वद सेंटिमीटर. चार पायांवर उभ्या अस्वलाची पाठ पिंपाच्या वरच्या कडेला टेकत असेल तर जनावर मोठं. निम्म्यावर असेल तर पोरगेलं, जाऊ द्यावं. नवख्याला झुडपातून निघालेलं प्रत्येक अस्वल राक्षसाएवढं वाटतं, म्हणून गाईड ही मोजपट्टी आदल्या रात्री घोकून घेतो.

आमिषात काय घालायचं यालाही नियम आहेत, आणि ते अनुभवातून आले आहेत. २०१४ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये एका ठिय्याजवळ चार अस्वलं मरून पडलेली सापडली: दोन माद्या, दोन पिल्लं. अंगावर गोळीची खूण नाही. तपासात कारण निघालं चॉकलेट. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्यांना जसं बाधतं तसं अस्वलांनाही. पुढे त्या राज्याने आमिषात चॉकलेट घालायला बंदी केली.

एवढं करूनही अस्वल येईलच असं नाही. ज्या वर्षी रानात बीचच्या झाडाला फळ भरपूर धरतं, त्या वर्षी अस्वलं डोनटकडे ढुंकून बघत नाहीत. मेनमध्ये आमिषावर बसणाऱ्या शिकाऱ्यांपैकी ढोबळ मानाने चारातला एक यशस्वी होतो. चांगल्या गाईडकडे हे प्रमाण बरंच वर जातं. आमिष नाही, कुत्रे नाहीत, नुसतं चालत शोधायचं म्हटलं तर यश शेकड्यात मोजक्या दोन-चार जणांना. तीन हजार डॉलरमध्ये विकत मिळतो तो हा दोन प्रमाणांमधला फरक.

कुत्र्यांची शिकार वेगळ्या हिशेबाची. आमिषाचा खर्च मोसमापुरता. कुत्र्यांची टोळी बारा महिने खाते. नॉर्थ कॅरोलिनाचं राज्यश्वान असलेलं प्लॉट हाउंड हे अस्वलाच्या मागावर पळण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या पैदास केलेलं वाण. आता त्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे असतात आणि मालक गाडीत बसून पडद्यावर पाठलाग पाहतो. एखादा कुत्रा अस्वलाच्या पंजात सापडला की पशुवैद्याचं बिल वेगळं. याच राज्याच्या किनारपट्टीत १९९८ मध्ये ८८० पौंडांचं, म्हणजे सुमारे चारशे किलोंचं काळं अस्वल मारलं गेलं होतं. असला आकडा एकदा गाजला की त्या जिल्ह्यातले दर खाली येत नाहीत.

सगळ्यांत महाग किनारा. व्हँकुव्हर बेट आणि अलास्काचं प्रिन्स ऑफ वेल्स बेट इथे मे महिन्यात अस्वलं झोपेतून उठून खाडीकाठच्या कोवळ्या गवतावर चरायला उतरतात. शिकारी बोटीवर राहतो, गाईड दुर्बिणीने काठ न्याहाळतो, मग लहान होडीतून वारा बघून किनाऱ्याला लागायचं आणि शेवटचे दीडदोनशे मीटर वाकून, रांगून जायचं. व्हँकुव्हर बेट ज्यात येतं त्या ब्रिटिश कोलंबियात आमिषाला मुळातच बंदी आहे. बोट, खलाशी, डिझेल, एका गाईडमागे एक किंवा दोनच गिऱ्हाइकं, आणि मोसम जेमतेम काही आठवड्यांचा. सहा-आठ हजार डॉलर इथे फुगवलेले वाटत नाहीत. शिकार म्हणावी अशी ही. डोनटच्या पिंपावर नेम धरण्याला तो शब्द जरा सैल लागू पडतो. अर्थात आमिषवाले गाईड यावर उलट बोलतात: पिंपापाशी जनावर निवांत उभं राहतं, मादी आहे का, मागे पिल्लं आहेत का हे बघायला वेळ मिळतो, आणि जवळून मारलेली गोळी जागच्या जागी काम करते. हेही खोटं नाही.

आता करारातली बारीक अक्षरं. विसार म्हणून बहुधा निम्मी रक्कम आगाऊ द्यायची आणि ती परत मिळत नाही. अस्वल दिसलं नाही, पाऊस लागला, नेम चुकला, तरी उरलेली निम्मी द्यायचीच. अनेक ठिकाणी आणखी एक कलम असतं: रक्ताचा थेंब दिसला की शिकार झाली. जखमी अस्वल हाती लागलं नाही तरी त्या शिकाऱ्याची मोहीम तिथेच संपते. कलम कठोर आहे, पण न्याय्य आहे. ते नसतं तर घायकुतीला आलेल्या माणसाने अंधारात तीन अस्वलं घायाळ करून चौथ्यावर नेम धरला असता. जेवणखाण दरात आहे की नाही, हेही आधीच विचारावं लागतं. काही तळांवर फक्त खोली आणि चूल मिळते, स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. शेवटी बक्षिसी. कागदावर ती ऐच्छिक, पण दराच्या दहा ते पंधरा टक्के देण्याचा रिवाज आहे, आणि आचाऱ्याला विसरलेलं कुणाला आवडत नाही.

गोळी लागली की बिल संपत नाही. दुसरं बिल सुरू होतं.

कातडं सोलणं, मांस कापून बांधून देणं, बर्फातली वाहतूक यांचे मिळून दोन-तीनशे डॉलर. मग हौसेचा भाग. अस्वलाचं डोक्यासकट गालिचासारखं कातडं करून घ्यायचं तर कारागीर फुटावर दर लावतो आणि मध्यम आकाराच्या जनावराचे दीड-दोन हजार डॉलर होतात. दोन पायांवर उभं, जबडा उघडलेलं अख्खं अस्वल हवं असेल तर तीन ते पाच हजार. आपण अजून 'पेंढा भरणं' म्हणतो, पण आत आता पेंढा नसतो, फोमचा तयार साचा असतो. वर्षभराची वाट पाहावी लागते ती वेगळीच. नुसती कवटी साफ करून घेणं सगळ्यांत स्वस्त, आणि ते काम चांगले कारागीर मांस खाणाऱ्या किड्यांच्या पेटीत ठेवून करवतात. जाणकार शिकारी कवटीलाच मान देतात, कारण नोंदीसाठी तिचीच लांबी-रुंदी मोजतात. शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या वहीत अनेक दशकं पहिल्या क्रमांकावर राहिलेली काळ्या अस्वलाची कवटी युटामध्ये १९७५ साली मिळाली. ते अस्वल कुणी मारलेलंच नव्हतं; मेलेलं सापडलं होतं. म्हणजे विक्रमासाठी एक डॉलरही खर्च झाला नाही.

सीमा ओलांडायची तर कागद वाढतात. काळं अस्वल १९९२ पासून साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्याला स्वतःला धोका म्हणून नव्हे. पूर्व आशियातल्या औषधबाजारात अस्वलाच्या पित्ताशयाला मोठी किंमत येते, आणि सुकवलेलं पित्ताशय काळ्या अमेरिकन अस्वलाचं की दुर्मीळ आशियाई अस्वलाचं हे बघून सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांवरच नजर. बऱ्याच राज्यांत पित्ताशय विकणं गुन्हा आहे आणि कॅनडातून ते बाहेर नेऊ पाहणारा शिकारी अस्वलासकट रायफल आणि अब्रूही घालवून बसतो.

मांसाचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. ब्रिटिश कोलंबियात खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. अस्वलाचं मांस खातातही, पण त्यात ट्रिकिनेला नावाचा सूक्ष्म कृमी असू शकतो. २०२२ मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबाचा मेळावा भरला होता. त्यांच्यातल्या एकाने कॅनडाच्या सास्कॅचवान प्रांताच्या उत्तर भागात मारलेलं अस्वल दीड महिना फ्रीझरमध्ये ठेवलेलं होतं. त्याचे कबाब भाज्यांसोबत भाजले. मांस मुळातच काळपट, त्यामुळे ते कच्चं राहिल्याचं काही जणांनी खायला लागल्यावर ओळखलं, तेव्हा ते पुन्हा भाजून वाढलं. सहा जण आजारी पडले आणि त्यांतल्या दोघांनी मांसाला हातही लावला नव्हता. फक्त त्याच सळईवरच्या, त्याच रसातल्या भाज्या खाल्ल्या होत्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ही हकिकत २०२४ मध्ये सविस्तर छापली. उत्तरेकडच्या अस्वलांतला ट्रिकिनेला गोठवूनही मरत नाही. आत ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवणं हाच उपाय, आणि शाकाहारी पाहुण्याची चूल वेगळी ठेवणं.

तर मध्यम प्रतीच्या एका मोहिमेची बेरीज मांडू. आउटफिटर तीन हजार, परवाने आणि टॅग तीन-चारशे, प्रवास सहाशे, बक्षिसी चारशे, मांस-कातड्याची व्यवस्था अडीचशे, गालिचा सतराशे-अठराशे. सव्वासहा ते साडेसहा हजार डॉलर; रुपयांत साडेपाच लाखांच्या आसपास. रायफल घरची धरली आहे.

या पैशातला थोडा वाटा रानाकडे परत जातो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार अमेरिकेत लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांत वाटला जातो. शिकारीचे समर्थक हे अभिमानाने सांगतात आणि ते खरंच आहे. पण परवाना स्वस्त आणि मोकळा ठेवला की काय होतं, ते फ्लोरिडाने २०१५ मध्ये दाखवलं. २१ वर्षांनंतर अस्वलाची शिकार खुली झाली. स्थानिकाला १०० डॉलर, बाहेरच्याला ३००. परवाने किती द्यायचे याला मर्यादाच नाही. ३,७७८ गेले. शिकार आठवडाभर चालायची होती आणि एकूण ३२० अस्वलांवर थांबायची होती. दोन दिवसांत ३०४ मेली आणि सरकारने घाईघाईने शिकार बंद केली. तिथे पुन्हा परवाने निघाले ते दहा वर्षांनी, डिसेंबर २०२५ साठी: फक्त १७२, तेही सोडतीने. शिकारविरोधकांनीही पाच-पाच डॉलर भरून सोडतीत नावं टाकली, परवाना लागला तर तो न वापरता ठेवून देण्यासाठी.

आमिष आणि कुत्रे यांवरचा वाद तर मतपेटीपर्यंत गेला. कोलोरॅडोने १९९२ मध्ये, ओरेगॉनने १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने १९९६ मध्ये मतदानाने दोन्हींवर बंदी घातली. मेनच्या मतदारांनी २००४ आणि २०१४ अशी दोनदा बंदी नाकारली. ऑन्टारिओने वसंतातली शिकार १९९९ मध्ये थांबवली, कारण त्या दिवसांत आईवाचून पिल्लं उपाशी मरतात असा आक्षेप होता. २०१४ मध्ये ती काही भागांत प्रायोगिक म्हणून परत आली आणि २०२१ मध्ये कायम झाली. मधल्या वर्षांत उत्तरेकडच्या कित्येक तळांचा मे-जूनचा धंदा बसला. अस्वलाच्या बाजूने बोलणाऱ्यांना आणि आउटफिटरच्या बाजूने बोलणाऱ्यांना एकमेकांचे आकडे आजही मान्य नाहीत.

पैसे घेऊन परदेशी पाहुण्याला रानात नेण्याचा हा धंदा महाराष्ट्राला परका नव्हता. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत नागपूर हे त्याचं एक केंद्र होतं. पुढे केंद्रीय मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात येण्याआधी ऑल्विन कूपर ही कंपनी काढली होती आणि ती मध्य भारताच्या रानांत शिकारीच्या मोहिमा चालवी. गिऱ्हाईक वाघासाठी येई. अस्वल, सांबर, गवा हे मागाहून. मचाण बांधणारे, हाका घालणारे, माग काढणारे इथलेच गोंड, कोरकू आणि गावकरी. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि धंदा संपला. मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिऱ्यात अस्वल आजही आहे, आणि पहाटे मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसाची त्याच्याशी गाठ पडते तेव्हा मध्ये गाईड नसतो. आपलं हे अस्वल कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याच्या शिकारीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड.